एकच नाव, दोन मेमऱ्या आणि मावशीचा ताळा

माझा धंदा हिशेबाचा. दिवसभर दुसऱ्यांच्या वह्या तपासायच्या, दोन आकडे जुळत नसले की का जुळत नाहीत ते हुडकायचं, आणि जुळत असले तरी संशयाने पुन्हा एकदा बेरीज मारून बघायची. रात्री मात्र मी गाड्या पळवते. स्क्रीनवर. पंचेचाळिशी उलटलेली बाई अकरा वाजता कानाला हेडफोन लावून चिखलातून रॅलीची गाडी काढतेय, याचं घरच्यांना आता काही वाटत नाही. ऑफिसात हे फक्त एकाला ठाऊक आहे.

आणि त्यानेच गेल्या आठवड्यात गाठलं. त्याने कुणाकडून तरी वापरलेला गेमिंग लॅपटॉप घेतलाय. "मॅडम, ग्राफिक्स कार्डाची मेमरी जीडीडीआर५ आहे का जीडीडीआर६, हे कुठे कळतं? विकणारा सहा म्हणाला होता." जीडीडीआर म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीची खास मेमरी, पुढचा आकडा तिच्या पिढीचा. मी त्याला जिन्यात उभ्याउभ्या थोडंफार सांगितलं, पण जिन्यात सगळं सांगून होत नाही. याच प्रश्नापायी मी एकदा अर्धी रात्र जागले होते, भाच्याशी वाद घातला होता, आणि शेवटी चूक सापडली ती भलत्याच खात्यात. म्हणून हे सविस्तर.

गोष्ट २०२० च्या अखेरची. भाच्याने, म्हणजे ओंकारने, त्याच्या आदल्या वर्षी गेमिंग लॅपटॉप घेतला होता. त्यात एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड, ४ जीबीचं. सुट्टीत त्याच्याकडे गेले की मी तो त्याच्याकडून हिसकावून घ्यायची. शेवटी म्हटलं, आपणही अस्साच घ्यावा. त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला, ग्राफिक्स कार्डही तेच. प्रोसेसर तेवढा एका पिढीने नवा.

घेताना एक गोष्ट खटकली होती. विक्रीच्या पानावर वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं ४ जीबी जीडीडीआर६. त्याच पानावर खाली तक्त्यात लिहिलं होतं ४ जीबी जीडीडीआर५. एकाच वस्तूच्या एकाच पानावर दोन नोंदी, आणि दोन्ही छातीठोक. मी विक्रेत्याच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलला. म्हणाला, "मॅडम, ग्राफिक्स ४ जीबी डीडीआर आहे." मी विचारलं, कुठला डीडीआर? तो म्हणाला, "ग्राफिक्सवाला." पुढे विचारण्यात अर्थ नव्हता. मी मागवून टाकला, कारण परत करायची मुदत होती आणि मुदतीच्या आत तपासणं हे माझ्या हातात होतं.

आता असा घोळ होतो तरी का? ग्राफिक्स कार्डाचं नाव हे आडनावासारखं असतं. घराणं कळतं, माणूस कळत नाही. जीटीएक्स १६५० एप्रिल २०१९ मध्ये आलं ते जीडीडीआर५ मेमरी घेऊन. मग एप्रिल २०२० मध्ये त्याच नावाने जीडीडीआर६ असलेलं आलं. नाव तेच, ४ जीबी तेच, मेमरीच्या रस्त्याची रुंदी १२८ बिट, तीही तीच. बदलला तो वेग. जुन्यात मेमरीच्या एकेका तारेवरून सेकंदाला ८ गिगाबिट जातात, नव्यात १२. म्हणजे मेमरीतून सेकंदाला होणारी ने-आण (तिलाच बँडविड्थ म्हणतात) जुन्यात १२८ जीबी आणि नव्यात १९२ जीबी. सरळ दीडपट. दुकानदाराच्या यादीत दोघांची नोंद एकाच ओळीत, मग जुन्या पानावर कुणी नवा मथळा चिकटवला की तयार झाला माझ्या पानासारखा प्रकार.

आणि ही मेमरी मागून बदलता येत नाही. साधी रॅम स्लॉटमधून काढून दुसरी खोचता येते. ग्राफिक्सची मेमरी चिपच्या आजूबाजूला बोर्डावरच डाग देऊन पक्की बसवलेली असते. जे आलं ते आलं.

खोकं उघडलं. खोक्यावरच्या स्टिकरवर प्रोसेसर, रॅम, एसएसडी, सगळं नावानिशी. ग्राफिक्सपुढे मात्र "४ जीबी". कीबोर्डशेजारच्या चकचकीत स्टिकरवर जीटीएक्सचं चिन्ह, बाकी काही नाही. पहिला तासभर विंडोजने अपडेट उतरवण्यात घालवला. तो घालवू द्यावा. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नीट बसायच्या आत केलेली तपासणी म्हणजे पासबुकात नोंदी व्हायच्या आत शिल्लक मोजण्यासारखं आहे.

मग मी टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्सच्या टॅबमध्ये गेले, डावीकडे जीपीयू १ वर क्लिक केलं (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप). तिथे लिहिलं होतं, जीपीयू मेमरी ७.९ जीबी. मी क्षणभर खूश. चार सांगितली आणि आठ दिली? तेवढ्यात धंद्याची सवय आड आली. खाली फोड दिलेली होती: डेडिकेटेड ४.० आणि शेअर्ड ३.९. यातली शेअर्ड म्हणजे उसनी. लॅपटॉपच्या साध्या रॅमपैकी जास्तीत जास्त निम्मी विंडोज गरजेला ग्राफिक्सला वापरू देतं, त्याचा तो आकडा. माझी रॅम ८ जीबी, म्हणून निम्मी सुमारे ४. उसनं घेतलेलं जमेच्या बाजूला मांडून एकूण मालमत्ता दाखवणारे लोक मी रोज बघते, त्यामुळे आनंद लगेच ओसरला. (जाहिरातीतही कधी कधी ही बेरीज ठोकलेली असते. डेडिकेटेड तेवढी आपली समजावी.) आणि मुख्य म्हणजे मेमरी कुठल्या जातीची, हे टास्क मॅनेजर सांगतच नाही. डायरेक्टएक्सची ती जुनी तपासणी खिडकी असते, तीही किती ते सांगते, कुठली ते नाही.

ओंकारला फोन केला. "मावशी, जीपीयू-झेड टाक ना. छोटंसं आहे, फुकट आहे."

टेकपॉवरअप नावाच्या साइटचं हे जीपीयू-झेड. एकच खिडकी, तिच्यात करड्या चौकटींत खच्चून भरलेली माहिती, एखाद्या जुन्या सरकारी फॉर्मसारखी. मला तो चेहराच आवडला. उघडलं आणि मेमरी टाइपच्या चौकटीत बघितलं.

डीडीआर४.

पाच नाही, सहा नाही, चार! मी ओंकारला पुन्हा फोन करून सांगितलं की मला फसवलंय, उद्याच परत पाठवते. तो काही बोलेना. मग म्हणाला, "मावशी, वर नाव काय लिहिलंय?"

वर लिहिलं होतं इंटेल यूएचडी ग्राफिक्स.

ही चूक इतके जण करतात की तिच्यावर दोन वाक्यं जास्त लिहिते. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचे दोन कारभारी असतात. एक प्रोसेसरच्या पोटातला, कमी वीज खाणारा; पत्रं लिहिणं, व्हिडिओ बघणं ही कामं तो करतो. दुसरा मोठा, तो गेम सुरू झाल्यावर उठतो. पोटातल्याला स्वतःची मेमरी नसते, तो लॅपटॉपची साधी रॅम वापरतो, म्हणून त्याच्यापुढे रॅमचा प्रकार येतो, डीडीआर४. जीपीयू-झेडच्या खिडकीत अगदी तळाला डावीकडे एक यादी असते. ती उघडून एनव्हिडियाचं कार्ड निवडायचं. मगच वरच्या चौकटी कामाच्या.

आणि डीडीआरचा आकडा आणि जीडीडीआरचा आकडा यांचा एकमेकांशी संबंध लावू नये. जीडीडीआर५ ही २००८ सालीच रेडिऑन एचडी ४८७० या कार्डातून बाजारात आली. साधी डीडीआर५ रॅम घरातल्या कॉम्प्युटरांत पोचायला २०२१ उजाडलं. दोन वेगळ्या वह्यांचे पावती क्रमांक आहेत ते. डीडीआर४ रॅमचा लॅपटॉप आणि त्यात जीडीडीआर६ चं ग्राफिक्स, हे अगदी नेहमीचं आहे.

यादी उघडली, एनव्हिडिया निवडलं. मेमरी टाइप: जीडीडीआर६, पुढे कंसात मेमरीची चिप बनवणाऱ्या कंपनीचं नाव. मायक्रॉन, माझ्या बाबतीत. सॅमसंग किंवा हायनिक्सही असू शकतं. बस विड्थ १२८ बिट. आकार ४०९६ एमबी. मथळा खरा निघाला होता, तक्ता खोटा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ओंकारला राहवेना. त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर जीपीयू-झेड उघडलं आणि पाच मिनिटांत त्याचा फोन. "मावशी, माझी जीडीडीआर५ आहे." आवाज पडलेला. वर्षभर मला शिकवत आला होता. मी काही समजुतीचं बोलणार, तेवढ्यात त्याचा सूर एकदम चढला. "पण थांब! तुझा मेमरी क्लॉक किती आहे?"

मी बघितलं. १५०० मेगाहर्ट्‌झ.

"माझा २००१! तुझ्यापेक्षा माझी मेमरी फास्ट आहे!"

आकडे खरंच तसे होते. नव्या, भारी मेमरीपुढे लहान आकडा आणि जुनीपुढे मोठा. अकरा वाजून गेले होते, गाडी चिखलात तशीच उभी होती, आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

जीपीयू-झेड दाखवतं तो मेमरीच्या घड्याळाचा मूळ ठोका. एका ठोक्यात किती माल हलतो, ते मेमरीच्या जातीवर असतं. जीडीडीआर५ एका ठोक्याला प्रत्येक तारेवरून ४ बिट हलवते, जीडीडीआर६ हलवते ८. म्हणजे त्याचा हिशेब २००० गुणिले ४, सेकंदाला ८ गिगाबिट. माझा १५०० गुणिले ८, बारा गिगाबिट. एक जण भरभर चालतो पण हातात चार पिशव्या, दुसरा सावकाश चालतो पण आठ पिशव्या.

मग या आकड्याला बस विड्थने गुणायचं, म्हणजे अशा तारा किती आहेत त्याने, आणि ८ ने भागायचं, कारण आठ बिटांचा एक बाइट. ८ गुणिले १२८ भागिले ८, उत्तर १२८. माझं १२ गुणिले १२८ भागिले ८, उत्तर १९२. आणि जीपीयू-झेडमध्ये बँडविड्थ नावाची चौकट आहे, तिच्यात त्याच्याकडे १२८ आणि माझ्याकडे १९२ हेच आकडे होते, दशांशात चिमूटभर इकडेतिकडे.

ताळा जमला. मला खरं समाधान तेव्हा झालं. "जीडीडीआर६" ही मोजकी अक्षरं वाचून झालं नव्हतं. चौकटीत लिहिलेली जात, ठोका, रुंदी आणि बँडविड्थ या चार नोंदी एकमेकींना धरून आहेत का, हे गुणाकाराने बघितलं की मन शांत होतं. १२८ बिटांचाही ताळा लागतो: मेमरीची एकेक चिप ३२ बिट रुंद, अशा चार चिपा, झाले १२८, प्रत्येक चिप १ जीबीची, झाले ४ जीबी.

ओंकारने तेवढ्यात एमएसआय आफ्टरबर्नर हा कार्डाचा वेग बघायचा-बदलायचा प्रोग्रॅम उघडला. त्यात त्याचा मेमरी क्लॉक दिसत होता ४००१, आणि मी माझ्याकडे उघडलं तर ६००१. "आता हे काय?" आफ्टरबर्नर प्रत्यक्ष वेगाच्या निम्मं दाखवतं. ८००० चे निम्मे ४०००, १२००० चे निम्मे ६०००. एनव्हिडियाची कमांड प्रॉम्प्टमध्ये चालणारी एसएमआय नावाची कमांड असते, ती मेमरीची जात लिहीत नाही पण कमाल क्लॉक सांगते, आणि तोही असाच ४००१ किंवा ६००१. एकच रक्कम कुणी रुपयांत, कुणी हजारांत, कुणी लाखांत मांडावी तसं आहे. कुठल्या प्रोग्रॅममध्ये वाचताय हे ठाऊक नसेल तर मेमरी क्लॉकची तुलना करण्यात काहीच राम नाही. बँडविड्थची करावी.

आणखी एक खड्डा, त्यात मी दुसऱ्या दिवशी पडले. जीपीयू-झेडच्या सेन्सर्स टॅबमध्ये मेमरी क्लॉक दिसला १०१ मेगाहर्ट्‌झ. पण तो त्या घडीचा चालू आकडा. काम नसलं की कार्ड झोपतं आणि ठोका मंद करतं. चार्जर लावून गेम सुरू केला की तो १५०० वर चढतो. बॅटरीवर तपासू नये, तिथे लॅपटॉप हात आखडूनच चालतो.

नवीन काही उतरवायचं नसेल तर याहून सोपी वाट आहे, आणि ती मला शेवटी सापडली, जशी चावी नेहमी शेवटच्या खिशात सापडते. डेस्कटॉपवर उजवं क्लिक, एनव्हिडिया कंट्रोल पॅनल, वर हेल्प, त्यात सिस्टिम इन्फर्मेशन. उजवीकडे लांबलचक यादी येते. तिच्यात डेडिकेटेड व्हिडिओ मेमरीसमोर आकार आणि जात दोन्ही लिहिलेलं असतं: ४०९६ एमबी जीडीडीआर६. त्याच यादीत मेमरी डेटा रेट, मेमरी इंटरफेस (म्हणजे बस विड्थच) आणि मेमरी बँडविड्थ. म्हणजे ताळ्याला लागणाऱ्या सगळ्या रकमा एका पानावर, आणि तेही कार्डाच्या कंपनीच्याच तोंडून. विक्रेत्याशी वाद घालायचा असेल तर या खिडकीचा स्क्रीनशॉट काढावा. "कुठल्यातरी सॉफ्टवेअरमध्ये दिसतंय" असं म्हणायला त्याला जागा उरत नाही.

ओंकारने आपलं बिल शोधून काढलं. त्याला परत मागायचं नव्हतं, वर्ष उलटलं होतं. पण आपल्याला काय सांगितलं होतं ते बघायचं होतं. बिलावर होतं: जीटीएक्स १६५०, ४ जीबी. जातीचा उल्लेखच नाही. खोटं कुणी लिहिलं नव्हतं. त्याने घेतला तेव्हा या नावाची दुसरी मेमरी निघालेलीही नव्हती, त्यामुळे लिहिण्याचं कारणही नव्हतं. माझ्या पानावर मात्र दोन्ही लिहून ठेवली होती, आणि ते मला जास्त चिडवणारं वाटतं. कोरी जागा मी समजू शकते.

आता खरी गंमत. ओंकार लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. दोन्ही लॅपटॉप टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चार्जर लावले, रॅलीच्या गेममध्ये स्वतःची चाचणी असते ती एकाच सेटिंगवर दोन्हीकडे तीन-तीन वेळा चालवली. निकाल: त्याचा लॅपटॉप सेकंदाला सरासरी ७ फ्रेमनी, म्हणजे ७ चित्रांनी, पुढे. जीडीडीआर५ वाला. आणि माझ्याकडे वळणांवर मधूनच एक गचका, त्याच्याकडे तो नाही.

ओंकारचा चेहरा मी वर्णन करत नाही.

मी पुन्हा वह्या उघडल्या. ग्राफिक्सचं पान बरोबर होतं, म्हणजे चूक दुसऱ्या पानावर. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर गेले. माझ्याकडे: ८ जीबी, वेग २९३३, आणि खाली बारीक अक्षरांत, स्लॉट वापरात २ पैकी १. त्याच्याकडे: १६ जीबी, वेग २६६६, स्लॉट २ पैकी २. त्याने घेतल्या घेतल्या दुसरी पट्टी टाकून घेतली होती आणि पार विसरून गेला होता.

रॅमच्या एका पट्टीचा रस्ता ६४ बिटांचा, म्हणजे ८ बाइटांचा. २९३३ गुणिले ८, सेकंदाला साधारण २३.५ जीबी. त्याची पट्टी माझ्याहून मंद, पण दोन पट्ट्या जोडीने चालतात तेव्हा रस्ता दुप्पट होतो: २६६६ गुणिले १६, जवळपास ४२.७. मी ग्राफिक्सच्या दीडपटीसाठी जीव काढत होते आणि प्रोसेसरच्या बाजूला निम्म्या रस्त्यावर गाडी हाकत होते. शिवाय ८ जीबीत विंडोज, ब्राउझर आणि गेम असे तिघे दाटीवाटीने बसलेले.

दुसरी पट्टी आणली. तशीच, ८ जीबीची, २९३३ ची. मागचं झाकण उघडताना एक क्लिप तुटली, ती अजून तुटलेलीच आहे. पुन्हा चाचणी: गचका गेला, आणि मी ओंकारच्या ५ फ्रेम पुढे. या पाचांतले किती मेमरीचे आणि किती माझ्या नव्या प्रोसेसरचे, हे या दोन लॅपटॉपांवरून वेगळं काढता येत नाही, म्हणून मी ते पाचही मेमरीच्या नावावर टाकत नाही. ओंकार पाचही प्रोसेसरच्या नावावर टाकतो.

दीडपट बँडविड्थ म्हणजे दीडपट फ्रेम नव्हेत, हे मात्र आकडे बघून पटावं. बँडविड्थ हा गोदामापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता. रस्ता रुंद केला म्हणून कारखान्यातली यंत्रं वाढत नाहीत. डेस्कटॉपच्या जीटीएक्स १६५० चंच बघा: जीडीडीआर५ वाल्याचा बूस्ट क्लॉक (चिपचा चढा वेग) १६६५ मेगाहर्ट्‌झ, जीडीडीआर६ वाल्याचा १५९०. विजेची मर्यादा दोघांना तीच, ७५ वॅट. रस्ता रुंद करताना यंत्राचा वेग थोडा खाली आणलाय. फायदा तरीही नव्याचाच, पण दीडपट नाही. रिझोल्यूशन वाढवलं, कडा गुळगुळीत करणारी सेटिंग्ज चढवली, की रस्त्यावरची वर्दळ वाढते आणि तेव्हा रुंदीचं मोल कळतं.

आणि ४ जीबी भरून वाहिली, तर दोघेही सारखेच रडतात. जागा संपली की उरलेला माल त्या उसन्या रॅममध्ये जातो, आणि तिथून आणायचा रस्ता म्हणजे पीसीआय एक्सप्रेस, कार्डाला बाकी लॅपटॉपशी जोडणारी वाट. तिसऱ्या पिढीच्या १६ लेनच्या रस्त्यावरून एका दिशेला सेकंदाला जेमतेम १६ जीबी. कुठे १९२, कुठे १६. मेमरी जातिवंत असून उपयोग काय, मावतच नसेल तर. टेक्स्चरची (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागांवरच्या चित्रांची) सेटिंग एक पायरी खाली आणली की जातीचा प्रश्न बऱ्याचदा मागे पडतो.

मग जात बघायचीच कशाला? कारण कधी कधी फरक भयानक असतो. डेस्कटॉपसाठीचं जीटी १०३० आधी जीडीडीआर५ घेऊन आलं, बँडविड्थ ४८ जीबी. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ वालं आलं, साधी रॅम असते तसली मेमरी, आणि बँडविड्थ १६.८ जीबी. जवळपास एक तृतीयांश. तिथे मी कुणालाही सांगेन, दुरूनच नमस्कार करा. उलट २०२४ मध्ये डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० ला जीडीडीआर६एक्सऐवजी (ही सहाचीच जास्त वेगवान आवृत्ती) जीडीडीआर६ देऊन पाहिलं, तिथे ५०४ चे ४८० झाले. असल्या फरकासाठी मी खुर्चीतून उठणार नाही. २०२५ च्या आरटीएक्स ५०५० मध्ये तर उलटीच गंगा: डेस्कटॉपला जीडीडीआर६ आणि लॅपटॉपला जीडीडीआर७. डेस्कटॉपच्या कार्डाचं माहितीपत्रक वाचून लॅपटॉपबद्दल बोलू नये, ते यासाठी.

लॅपटॉपच्या बाबतीत मी हल्ली मेमरीच्या आधी वॅट बघते. एकच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये कमी विजेवर बांधलेलं असतं, दुसऱ्यात जास्त. आरटीएक्स ३०६० लॅपटॉपमध्ये ६० वॅटपासून ११५ पर्यंत अशा मुभेत येऊ शकतं, म्हणजे एक कार्ड दुसऱ्याच्या जवळजवळ निम्म्या विजेवर चालतंय आणि नाव मात्र दोघांचं सारखंच. हा आकडाही त्याच सिस्टिम इन्फर्मेशनच्या यादीत नव्या कार्डांना मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर म्हणून मिळतो. बहुतेक लोक मेमरीची ओळ वाचून खिडकी बंद करतात. थोडं खाली-वर सरकवावं.

वापरलेलं यंत्र घेणाऱ्याला एक जास्तीची सूचना. जुनी डेस्कटॉप कार्डं नाव बदलून, आतला बायोस (कार्डात साठवलेला मूळ प्रोग्रॅम) बदलून विकली जातात, आणि अशी बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखून नावाआधी फेक अशी खूण दाखवायची सोय जीपीयू-झेडमध्ये २०१८ पासून आहे. लॅपटॉपमध्ये हा प्रकार करणं कठीण, पण वर नाव वाचायची सवय असलेली बरी. ती मलाही ओंकारनेच लावली, हे कबूल करते.

हे सगळं मी ऑफिसातल्या त्या मुलाला काल रात्री लिहून पाठवणार होते. त्याच्या आत त्याचाच फोटो आला. स्क्रीनशॉट नाही; मोबाइलने तिरका काढलेला लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो, त्यात जीपीयू-झेडच्या करड्या चौकटी आणि अर्धा त्याचा अंगठा. खाली लिहिलं होतं, "मॅडम, डीडीआर४ दाखवतंय. गेले पैसे."

मी फोटो मोठा करून तळाशी डावीकडे बघितलं आणि त्याला उत्तर लिहिलं, "अंगठा काढ. त्याच्याखाली एक यादी आहे, ती उघड."